बाळ वाढवणं शक्य नसेल तर: सरेंडरचा कायदेशीर रस्ता

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मावसबहीण २० वर्षांची आहे, लग्न झालेलं नाही आणि आठवा महिना चालू आहे. मुलाने हात वर केलेत. घरात फक्त मावशीला माहीत आहे. बहिणीची बाळ वाढवायची तयारी नाही. ओळखीतला एकजण म्हणतो, मूल नसलेलं एक चांगलं जोडपं आहे, बाळंतपणाचा सगळा खर्च तेच करतील, बाळ त्यांना देऊन मोकळं व्हा. दुसरं कुणी सुचवतं, आश्रमाबाहेरच्या पाळण्यात ठेवून या. बाळ कायद्याने देता येतं का, पोलीस केस होते का, नाव बाहेर फुटतं का, आणि पुढे तिला बाळ परत हवंसं वाटलं तर काय, असं तुम्ही विचारलं आहे.

मी दत्तक संस्थेत समुपदेशक होते, नंतर बालकल्याण समितीवर सदस्य होते. हाच प्रश्न किती घरांतून, किती दबक्या आवाजात ऐकला याची गणती नाही. म्हणून आधी सरळ उत्तर देते. होय, बाळ कायद्याने सोपवता येतं. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याचं कलम ३५ त्यासाठीच आहे. शारीरिक, मानसिक किंवा सामाजिक कारणांमुळे, जी आपल्या हातात नाहीत अशा कारणांमुळे, आई-वडिलांना मूल सांभाळता येत नसेल तर ते बालकल्याण समितीपुढे मूल आणून सोपवू शकतात. आमच्या कामात याला सगळे ‘सरेंडर’च म्हणतात. तो गुन्हा नाही. त्यासाठी अटक होत नाही, कोर्टकचेरी होत नाही, एक पैसा लागत नाही.

गुन्हा आहे तो बाळ टाकून देणं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ प्रमाणे १२ वर्षांखालच्या मुलाला कायमचं सोडून देण्याच्या हेतूने उघड्यावर टाकणाऱ्या आई-बापाला ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंड संहितेत हेच कलम ३१७ होतं. बाल न्याय कायद्याचं मन मात्र याबाबतीत जरा मोठं आहे. मुलांना क्रूरपणे वागवण्याबद्दल शिक्षा सांगणाऱ्या त्याच्या ७५ व्या कलमातच म्हटलंय की जन्मदात्यांनी नाइलाजाच्या परिस्थितीत मूल सोडलं असेल, तर ते जाणूनबुजून केलं असं मानायचं नाही आणि त्या कलमाची शिक्षा लावायची नाही. पण हा आधार सापडतो तो पोलीस घरापर्यंत पोहोचल्यानंतर. उसाच्या फडात, बसस्थानकावर किंवा देवळाच्या पायरीवर ठेवलेलं बाळ सकाळपर्यंत जिवंत राहील का, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे.

आता पाळण्याबद्दल. तमिळनाडू सरकारने १९९२ मध्ये सेलम जिल्ह्यात पाळणा योजना सुरू केली, कारण तिथे जन्मलेल्या मुली मारल्या जात होत्या. केरळने २००२ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये ‘अम्मत्तोट्टिल’ म्हणजे आईचा पाळणा बसवला. आपल्याकडेही काही दत्तक संस्थांच्या दाराशी पाळणा असतो. या पाळण्यांनी जीव वाचवलेत आणि ते असायलाच हवेत. पण तुमच्या बहिणीच्या हाताशी अजून वेळ आहे, आणि वेळ असताना पाळणा निवडू नका असं मी आग्रहाने सांगेन. पाळण्यात मिळालेलं बाळ कायद्याच्या नजरेत ‘सोडून दिलेलं’ बाळ ठरतं. त्याच्या आई-वडिलांचा शोध घेणं यंत्रणेवर बंधनकारक असतं. बाळाची माहिती फोटोसकट ७२ तासांच्या आत राज्यभर खपणाऱ्या वर्तमानपत्रात द्यावी लागते, पोलिसांकडून तपासाचा अहवाल मागवावा लागतो. म्हणजे नाव लपवायला पाळणा निवडायचा आणि बाळाचा फोटो पेपरात छापून यायचा. सरेंडर केलेल्या बाळाच्या बाबतीत जाहिरात द्यायचीच नाही असा दत्तक नियमावलीचा स्पष्ट नियम आहे. घाबरलेल्या घरांना ही एक गोष्ट कुणी वेळेवर सांगितली, तर कित्येक बाळं रस्त्यावर जाणार नाहीत.

बाळाचंही यात हित आहे. सरेंडर झालेल्या बाळाच्या फायलीत आईचं वय, गरोदरपणातल्या तपासण्या, घराण्यातले आजार, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया आहे का, एवढं तरी येतं. पाळण्यातल्या बाळाची पाटी कोरी असते. पुढे ते मूल तापाने फणफणलं की डॉक्टर नव्या आई-बाबांना विचारतात, ‘घरात कुणाला काही?’ आणि त्यांच्याकडे उत्तर नसतं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. प्रत्येक जिल्ह्याला बालकल्याण समिती असते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य. समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, पण ते न्यायालय नव्हे. तिथे वकिलाचा काळा कोट नसतो आणि पिंजराही नसतो. तिथे थेट जायचं नसेल तर विशेष दत्तक संस्थेत किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाता येतं. ते तुम्हाला समितीपर्यंत नेतात. ठरावीक नमुन्यात अर्ज करायचा असतो. लिहिता येत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळते. मग समुपदेशन होतं, चौकशी होते, आणि समितीची खात्री पटली की सरेंडर डीडवर, म्हणजे बाळ सोपवल्याच्या दस्तावर, सही होते. अविवाहित आईच्या बाबतीत नियमावली म्हणते की ही सही शक्यतो समितीच्या एखाद्या महिला सदस्यासमोर, एकटीसमोर व्हावी. हा नियम पुष्कळ ठिकाणी वापरला जात नाही, कारण मागणारं कुणी नसतं. तुम्ही मागा. ‘एकाच महिला सदस्यासमोर सही करायची आहे’ असं अर्जातच लिहा. बाळंतपणानंतर मुलीची तब्येत नाजूक असेल तर सदस्याने रुग्णालयात यावं, अशी विनंतीही करता येते.

मुलाच्या बापाची सही लागते का? नाही. लग्नाशिवाय झालेलं बाळ सरेंडर करण्याचा हक्क फक्त आईचा आहे. त्याचं नाव सांगायचं की नाही हेही तिनेच ठरवायचं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित आईच्या पालकत्वाच्या प्रकरणात, बापाचं नाव उघड करण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही असा निकाल दिला आहे. त्याने लग्नाचं खोटं वचन देऊन फसवलं असेल तर तक्रार करायची की नाही हा वेगळा निर्णय आहे. तक्रार केली नाही म्हणून सरेंडर अडत नाही.

आणि इथे मावशींना एक गोष्ट स्पष्ट सांगा. बहुतेक आया म्हणतात, ‘तिला कशाला नेता कचेरीत, मी घेऊन जाते बाळाला.’ त्यात मायाच असते. पण जन्मदात्या आईऐवजी दुसऱ्या कुणी बाळ आणून दिलं तर ते सरेंडर होत नाही. बाळ सोडून दिलेलं मानलं जातं आणि मग वर सांगितलेला शोध, जाहिरात सगळं मागे लागतं. शिवाय मुलीची मर्जी काय होती हे कागदावर येतच नाही. २०२१ मध्ये तिरुवनंतपुरमला हेच घडलं. घरच्यांनी आपल्या संमतीशिवाय बाळ काढून घेतलं अशी एका तरुण आईची तक्रार होती. तोवर बाळ यंत्रणेतून आंध्रातल्या एका जोडप्याच्या घरी पोहोचलं होतं. डीएनए चाचणी झाली आणि त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कुटुंब न्यायालयाने बाळ आईला परत दिलं. आई वर्षभर तुटली, बाळ दोनदा उपटलं गेलं, आणि काहीही दोष नसलेल्या त्या जोडप्याच्या कुशीतून ते काढून घ्यावं लागलं. सही करणाऱ्या मुलीला एकटीला, आई-मावशी बाहेर बसवून, ‘तुला स्वतःला काय हवंय?’ असं विचारल्याशिवाय कुठल्याही समितीने पुढे जाऊ नये. मी तरी कधी जाऊ दिलं नाही.

आता परत घेण्याबद्दल. सही केल्यापासून दोन महिने, म्हणजे ६० दिवस, फेरविचाराचे असतात. तेवढ्या काळात तिचं मन बदललं तर ती बाळ परत मागू शकते. तोवर बाळ विशेष दत्तक संस्थेत राहतं, किंवा समितीला योग्य वाटलं तर देखरेखीखाली आईजवळही राहू शकतं. ६० दिवस संपले की समिती बाळाला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळं जाहीर करते, आणि त्यानंतर आईला परत फिरता येत नाही. हे सही करण्याआधीच तिला नीट समजावून सांगणं समितीचं कर्तव्य आहे.

या ६० दिवसांबद्दल मला खूप सांगायचंय. काही घरं सही झाल्याच्या संध्याकाळी मुलीचा मोबाइल काढून घेतात, तिला लांबच्या नातेवाइकाकडे पाठवतात, ‘विषय संपला’ म्हणतात. पण तिचा विषय तेव्हा सुरू होत असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छातीत दूध दाटतं. अंग तापतं. बाळ नाही आणि दूध आहे, ही अवस्था काय असते ते तिला आधी कुणी सांगितलेलं नसतं. अशा वेळी ‘परत आणूया का’ हा विचार आला म्हणजे तो शेवटचा निर्णयच असतो असं नाही, आणि नुसतं हार्मोन्सचं खूळ म्हणून झटकून टाकावा असंही नाही. तिला संस्थेच्या समुपदेशकाचा नंबर द्या, फोन तिच्याजवळ राहू द्या. बाळ बघावंसं वाटलं तर तसं संस्थेला विचारता येतं. काही मुली परत येऊन बाळ घेऊन जातात. बऱ्याच जणी येत नाहीत, पण त्यांना ‘मला वेळ मिळाला होता, मी विचार केला होता’ असं पुढे स्वतःला सांगता येतं. ते फार मोठं असतं. बाळंतपणाच्या दुसऱ्याच दिवशी, टाके ओले असताना सही घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, कायद्यात तसं लिहिलेलं नसलं तरी.

समुपदेशनात तिला ‘ठेवायचं असेल तर’ हाही पर्याय मांडला जाईल. त्याला दबाव समजू नका, नियमच तसा आहे. केवळ पैशाच्या अडचणीने बाळ द्यावं लागत असेल तर राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये महिना ४,००० रुपयांचं प्रायोजकत्व आहे. तिने सगळं ऐकून ‘नाही’ म्हटलं तर तिच्या ‘नाही’ला मान द्यायचा.

त्या ‘चांगल्या जोडप्या’बद्दल आता, कारण मला सगळ्यात जास्त भीती तिथेच वाटते. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ प्रमाणे कुटुंबं एकमेकांत थेट दत्तक देऊ-घेऊ शकतात, हे खरं आहे. पण त्यालाही पात्रतेच्या अटी आहेत, आणि त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये दत्तकाच्या बदल्यात पैसे किंवा मोबदला देण्या-घेण्याला बंदी आहे. ‘बाळंतपणाचा खर्च आम्ही करतो’ इथून सुरुवात होते आणि मधला माणूस आपला हिस्सा काढतो. बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे मुलाची खरेदी-विक्री केल्यास ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड आहे. यात फक्त मधला माणूसच अडकतो असं समजू नका. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून घेतला की दत्तक झालं, हा समज तर गावोगावी आहे. त्या कागदाने काहीही सिद्ध होत नाही.

त्यातही एक प्रकार फार घातक आहे. मुलीला रुग्णालयात बाळ घेणाऱ्या बाईच्याच नावाने दाखल करतात, म्हणजे जन्मदाखला थेट तिच्या नावाचा निघतो. हा बनावट कागद तर आहेच, पण मुलीचा रक्तगट, रक्तदाब, आधीची औषधं सगळं दुसरीच्या नावाने लागतं. रक्त चढवायची वेळ आली तर? आणि त्या घराची कसलीही तपासणी झालेली नसते. उलट कायदेशीर वाटेने गेलेलं बाळ ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाकडे नोंदवलेल्या जोडप्याकडे जातं. त्यांचा गृहभेट अहवाल असतो, दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात, आणि पुढे दोन वर्षं पाठपुरावा होतो. अशी हजारो जोडपी वर्षानुवर्षं रांगेत थांबलेली आहेत. धडधाकट तान्ह्या बाळाला घर मिळणार नाही ही काळजी मनातून काढून टाका.

नाव फुटण्याची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. कायद्याने सरेंडरची सगळी माहिती गोपनीय असते. फाइल दत्तक घेणाऱ्यांना आईचं नाव सांगत नाही. पण नाव फुटतं ते बहुतेकदा वॉर्डातून. आयाबाई, शेजारच्या खाटेवरची नातेवाईक, रजिस्टर चाळणारा कुणी. म्हणून दाखल होतानाच प्रसूती विभागाच्या प्रमुखांना आणि रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटून ठेवा. मोठ्या सरकारी रुग्णालयांत हे पद असतं. काही रुग्णालयं अविवाहित मातेची माहिती पोलीस चौकीला देतात. पोलीस आले तर घाबरू नका. १८ वर्षांवरच्या मुलीने आपल्या मर्जीने ठेवलेल्या संबंधातून बाळ होणं हा गुन्हा नाही, एवढं शांतपणे सांगायचं. बाळ मोठं झाल्यावर त्याला आपलं मूळ शोधण्याचा हक्क आहे, आणि हे आईला आधी सांगितलं जातं. तिने सरेंडरच्या वेळी आपली ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तेव्हा तिची संमती घ्यावी लागते. काही आया फायलीत एखादी चिठ्ठी ठेवतात. तुमच्या बहिणीला लिहावंसं वाटलं तर लिहू द्या.

तुमच्या बहिणीला लागू नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागू होईल म्हणून दोन गोष्टी. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा ‘पॉक्सो’ कायदा लागतो आणि पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. सरेंडर तरीही होऊ शकतं, सोबतच्या प्रौढ व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. आणि बाळ विवाहित जोडप्याचं असेल तर दोघांच्या सह्या लागतात. नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला लागतो, बेपत्ता असेल तर बाळ सोडून दिलेलं धरलं जातं.

आपल्या कायद्यात एक मोठी उणीव मला दिसते. अमेरिकेत टेक्सासने १९९९ मध्ये बाळ सुरक्षित जागी निनावीपणे सोपवू देणारा पहिला कायदा केला आणि २००८ पर्यंत सगळ्या राज्यांत तो आला. तिथे रुग्णालयात, काही ठिकाणी अग्निशमन केंद्रात, बाळ हातात देऊन नाव न सांगता निघून जाता येतं. नेब्रास्काने २००८ मध्ये वयाची अटच घातली नाही, तर लोक थेट मोठी मुलं आणून सोडू लागले आणि काही महिन्यांत कायदा बदलून ३० दिवसांची मर्यादा घालावी लागली. त्या नुसत्या निनावीपणापेक्षा मला जर्मनीची २०१४ पासूनची पद्धत अधिक पटते. तिथे आई समुपदेशकाला खरं नाव सांगते, ते बंद पाकिटात जपलं जातं, रुग्णालयात ती टोपणनावाने बाळंत होते, आणि मूल १६ वर्षांचं झाल्यावर ते पाकीट मागू शकतं. आपल्याकडे सरेंडर सुरू होतं ते बाळंतपणानंतर, समितीच्या दारात. त्याआधीच्या नऊ महिन्यांत या मुलीला सुरक्षित जागा कुठे, तिचं नाव वॉर्डात कोण जपणार, याबद्दल कायदा गप्प आहे.

आणि हे आपल्याच मातीत होऊन गेलेलं आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा विधवांसाठी लावलेल्या फलकावर गुपचूप, सुरक्षित बाळंत होण्याचं आमंत्रण होतं, आणि मूल सोबत न्यायचं की तिथेच ठेवायचं हे आईच्या खुशीवर सोडलं होतं. तिथेच बाळंत झालेल्या काशीबाईंच्या मुलाला त्यांनी पुढे दत्तक घेतलं, ते यशवंत. त्या घराने बाळाच्या आधी आईला आत घेतलं होतं. जिल्हा रुग्णालयाच्या प्रत्येक प्रसूती कक्षात सरेंडरची माहिती देणारा फलक आणि रात्रीसुद्धा हजर असणारी एक समुपदेशक, एवढं आपण आज करू शकत नाही हे मला पटत नाही.

आता तुमच्यासाठी. बाळंतपणाची वाट बघू नका, याच आठवड्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षाला भेटा. हे कार्यालय जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असतं. पत्ता सापडत नसेल तर १०९८ वर फोन करा, बालकांची ती हेल्पलाइन चोवीस तास चालते. घरी राहणं अशक्य असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा सखी वन स्टॉप सेंटरमध्ये शक्तिसदनातल्या निवाऱ्याबद्दल विचारा. बहिणीचा वयाचा दाखला, आधार आणि गरोदरपणाची फाइल जवळ ठेवा. तपासण्या झालेल्या नसतील तर त्या आधी करून घ्या, आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन आणि रक्तदाब बघायलाच हवा. ओळखीतल्या त्या मध्यस्थाचे पैसे घेतले नसतील तर घेऊ नका, घेतले असतील तर लगेच परत करा. बाळंतपणानंतर दूध आटवण्यासाठी घरगुती उपाय करू नका, डॉक्टरांना विचारा, आणि दीड महिन्याने तिला एकदा पुन्हा दाखवून आणा. ती झोपत नसेल, जेवत नसेल, सारखी रडत असेल किंवा अजिबात रडत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.